“मला मोबाईलचं व्यसन लागलंय का?”

हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकू येतो, की माणूस खुर्चीत बसतानाच मला त्याची चाहूल लागते. विचारणाऱ्याने स्वतःला आधीच दोषी ठरवलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला जागा आहे. पण रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ बघणं असा काही आजार त्यात नाही. म्हणून ‘व्यसन’ हा शिक्का मी सहसा मारत नाही. रोज किती तास बघता, हेही आधी विचारत नाही. त्या तासांनी दिवसातून काय बाहेर ढकललं, ते विचारते.

मागे एक चाळिशीच्या बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नोकरी, मुलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. रात्री अकराला पाठ टेकायच्या आणि दीड वाजेपर्यंत स्क्रीनवर बोट फिरवत राहायच्या. सकाळी डोकं जड, चालायला जाणं बंद, दुपार झाली की गोड खावंसं वाटायचं. झोप अपुरी झाली की भूक वाढते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या स्वतःला अधाशी म्हणत होत्या. ॲप कितीदा तरी काढून टाकलं होतं, तितक्याच वेळा परत घेतलं होतं.

“रात्री काय बघता?”

“धड काहीच नाही. सकाळी विचाराल तर आठवणारही नाही.”

“आणि फोन ठेवला की?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “झोप लागते. झोप लागली की लगेच सकाळ होते. आणि सकाळ झाली की मी पुन्हा सगळ्यांची.”

बोलता बोलता स्वतःच दचकल्या. डोळे भरून आले. इतके महिने ज्याला त्या आपला कमकुवतपणा समजत होत्या, ती दिवसभरातली त्यांची एकुलती एक मोकळी घटका होती. असे क्षण येतात म्हणून मी हे काम करते. सवय तोडण्याआधी ती कुठली भूक भागवते ते शोधावं, ही माझी जुनी धारणा इथे पुन्हा खरी ठरली.

मग आम्ही फोनबद्दल बोलणं जवळजवळ थांबवलं. संध्याकाळचा अर्धा तास त्यांचा, हे घरात स्पष्ट सांगायचं ठरलं. हे सगळ्यात अवघड गेलं. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी हाका यायच्या. नवऱ्याने आईजवळ बसायची जबाबदारी घेतली, तेव्हा कुठे त्या बाहेर पडून चालायला लागल्या. फोनचा चार्जर बाहेरच्या खोलीत गेला, उशाशी गजराचं घड्याळ आलं. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच. हळूहळू झोप साडेसहा-सात तासांवर आली. दिवस फार ओढाताणीचा गेला की अजूनही जागतात, आणि मी त्यांना त्यावरून टोकत नाही.

तुमचंही असंच होत असेल, तर फोन हातात घेण्याच्या अगदी आधी मनात काय होतं ते आठवडाभर लिहून ठेवा. कंटाळा, एकटेपणा, राग, जे असेल ते. स्क्रोल करताना पुढे काय येईल ते कळत नाही, म्हणूनच बोट थांबत नाही. ती रचनाच तशी आहे, त्यासाठी स्वतःला कोसू नका. मात्र फोन दूर ठेवूनही काही आठवडे झोप लागत नसेल, किंवा कशातच मन रमेनासं झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे मोबाईल हे मूळ कारण नसण्याची शक्यता असते.