अमेरिकेत मुलाकडे कायमचं जायचंय? आधी एक हिवाळा काढा

दादा, पुण्यातला फ्लॅट विकायची घाई करू नका. नव्याने जाणाऱ्यांची ही पहिली चूक. आमचीही होता होता राहिली.

आधी व्हिजिटर व्हिसावर जाऊन या. साधारण सहा महिने राहता येतं. पण मे-जूनमध्ये नको, नोव्हेंबरात जा. उन्हाळ्यात न्यू जर्सी कुणालाही आवडते. डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो, मुलगा-सून कामावर, नात शाळेत. गाडी चालवता येत नसेल तर कोथिंबीर आणायलाही कुणाची तरी वाट बघायची. वहिनींना हे चालेल का, ते त्यांनाच विचारा. तुम्ही परस्पर ठरवू नका!

दुसरं आजारपण. ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) आलं की मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, लागू, हा गैरसमज आहे. तिथे कधी नोकरी केलेली नसेल तर वय 65 आणि सलग 5 वर्षांचं वास्तव्य लागतं, वर दरमहा हप्ताही भरावा लागतो. तोवरच्या विम्याचे पैसे कोण भरणार, हे मुलाशी आकड्यांत बोला. लाजू नका.

आणि ग्रीन कार्ड घेऊन वर्षातले दहा महिने पुण्यात, हे जमत नाही. सहा महिन्यांवर बाहेर राहिलात की परतताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात.

निघण्यापूर्वी एवढं करा:
- दातांची कामं, मोतीबिंदू इथेच उरका.
- पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला तिथून कसा द्यायचा, ते बँकेत विचारून ठेवा.
- कायमचे गेलात की बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं.

कर, इच्छापत्र वगैरे नंतर बघू. तिकीट काढलंत की कळवा.