उपासमार, कुपोषण आणि क्वाशिओरकोर

प्रश्न असा: 'उपासमार' आणि 'कुपोषण' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतील का? आणि 'क्वाशिओरकोर' या लहान मुलांच्या तीव्र कुपोषणाच्या प्रकाराला मराठीत काय म्हणावे?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे: चालणार नाहीत. उपासमार ओढवते, कुपोषण अंगावर दिसते. उपासमारीत अन्नच मिळत नाही. कुपोषित मुलाच्या पोटात मात्र काही ना काही पडत असते; ते पुरेसे नसते, कसदार नसते, किंवा सततच्या जुलाबांमुळे अंगी लागत नाही. त्यामुळे 'उपासमारीने कुपोषण झाले' हे वाक्य बरोबर, पण रोज दोन वेळा जेवणारे मूलही कुपोषित असू शकते. बातम्यांत 'कुपोषित' या अर्थी सर्रास 'उपाशी' लिहितात, त्याने हे मूल नजरेआड होते.

'भूकबळी' या शब्दावरून तर नेहमीच वाद होतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया, अतिसार किंवा गोवर लिहिलेले असते, आणि तेवढ्यावर 'भूकबळी नाही' असे सांगितले जाते. पण चांगले पोषण असलेले मूल ज्या आजारातून सहसा उठते, त्यातच कुपोषित मूल दगावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध अपुऱ्या पोषणाशी असतो. अशा वेळी 'कुपोषणामुळे मृत्यू' असे लिहायला मुळीच कचरू नये.

मुलाचे वजन उंचीच्या मानाने कमी असेल तर ते रोडावलेले, आणि उंची वयाच्या मानाने कमी असेल तर खुरटलेले. रोडावणे काही आठवड्यांत होते, खुरटण्यामागे दीर्घकाळची आबाळ असते. दोघांनाही 'अशक्त' म्हटले की हा फरक जातो.

आता क्वाशिओरकोर. हा शब्द घानातल्या गा भाषेतला. घाना तेव्हा गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होती. तिथे काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1933 मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि 1935 मध्ये हे स्थानिक नाव वैद्यकात आणले. पाठचे भावंड जन्मले की थोरल्याला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरचे दूध तुटते आणि त्याची जागा मक्याच्या निकस पेजेने घेतली जाते, ही सारी हकीकत त्या एका नावात आहे. तिथल्या आयांनी कारण बरोबर हेरले होते.

गंमत म्हणजे आपल्याकडे माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात 'पारिगर्भिक' नावाचा बालरोग आहे. पुन्हा गर्भवती राहिलेल्या आईचे दूध पिणाऱ्या मुलाची भूक मंदावते, ते कृश होते, त्याचे पोट वाढते, असे त्यात म्हटले आहे. त्याचे दुसरे नाव 'परिभव', म्हणजे पराभव, अवहेलना. दोन दूरच्या भाषांना त्या मुलाचे हिरावलेले स्थान दिसावे, हे मला फार हलवून जाते. तरीही प्रतिशब्द म्हणून मी 'पारिगर्भिक' सुचवणार नाही, कारण क्वाशिओरकोरची मुख्य खूण असलेली अंगावरची सूज त्या वर्णनात नाही.

ही सूज ओळखायची रीत साधी आहे. मुलाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबायचे. बोट उचलल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला तर मूल गंभीर आजारी आहे, मग तराजू काहीही सांगो. अंगात साचलेल्या पाण्याने वजन फुगते. 'ही सूज आहे, बाळसे नव्हे' असे आपण एरवी अलंकारिक अर्थाने म्हणतो, इथे ते शब्दशः खरे आहे. याउलट मरास्मस या तीव्र कुपोषणाच्या दुसऱ्या प्रकारात सूज नसते, मूल नुसते वाळत जाते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच, त्यामुळे 'मूल वाळणे' हा आपला वाक्प्रचार तिथे चपखल बसतो.

क्वाशिओरकोरला 'प्रथिनांच्या अभावाचा रोग' मात्र म्हणू नये. एकेकाळी तशी समजूत होती, पण केवळ प्रथिनांच्या कमतरतेने त्याचा पुरता उलगडा होत नाही. लेखात पहिल्यांदा 'क्वाशिओरकोर, म्हणजे अंगावर सूज आणणारे तीव्र कुपोषण' असे लिहावे आणि पुढे मूळ शब्दच ठेवावा.