वाचक विचारतात : सूर्यावरचे डाग, सूर्याचे भडके आणि माझी गच्ची

सूर्यावरचे डाग आणि भडके मी रोज वहीत टिपतो. मागच्या अंकात त्या वहीबद्दल चार ओळी आल्या आणि संपादकांकडे पत्रांचा गठ्ठा जमला. सगळ्यांना उत्तरं द्यायची तर अंक मलाच विकत घ्यावा लागेल, म्हणून निवडक घेतली आहेत. ओळख सांगायची तर साताऱ्यात चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता ते बंद आहे. खगोलशास्त्र शिकलेलो नाही. सोल्डरिंग येतं आणि रोज वही लिहितो, भांडवल एवढंच.

मे २०२४ मध्ये ग्रहणाचा चष्मा कपाटात सापडला म्हणून सहज सूर्याकडे पाहिलं, तर एक काळा ठिपका दिसला. घरच्यांनी वेड्यात काढलं. खरंच काही होतं का? (कोरेगाव)

होतं. घरच्यांना माझ्या नावानं सांगा. ते सक्रिय क्षेत्र १३६६४. हे क्रमांक अमेरिकेची नोआ ही संस्था देते. ऐन भरात असताना त्या डागांच्या समूहाची लांबी इतकी होती की पृथ्वीसारखे पंधरा गोळे एका ओळीत बसले असते. एवढा मोठा समूह दुर्बिणीशिवाय दिसतो, फक्त चष्मा खरा हवा. तुमचा चष्मा कपाटात किती वर्षं पडून होता ते लिहिलेलं नाही. त्यावर ओरखडा किंवा टाचणीएवढं भोक असेल तर तो कचऱ्यात टाका. घरातल्या दिव्याकडे पाहून तपासा. त्यातून दिवा ठळक दिसला तर तो चष्मा सूर्यासाठी नाही.

डाग काळा का, हेही तुम्ही विचारलंय. तो काळा नसतोच. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस आणि मोठ्या डागाचा गाभा साडेतीन हजारांच्या आसपास. तिथलं चुंबकीय क्षेत्र इतकं दांडगं असतं की खालून येणारा तापलेला वायू त्याला रेटून वर येऊ शकत नाही, म्हणून ती जागा थोडी निवते. चुलीत जाळाशेजारी अर्धवट राख धरलेला निखारा काळसर वाटतो. तोच चिमट्यानं अंधारात धरला की लालबुंद दिसतो. तसंच हे.

मुलासाठी ६० मिलिमीटरचा टेलिस्कोप घेतला. सोबत 'सन' लिहिलेली काळी काच आली आहे, ती आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाला, फिरवून बसवायची. वापरू का? (वाई)

नाही. ती काच आज, हे वाचून झाल्या झाल्या, हातोडीनं फोडा. कुणाला देऊन टाकू नका, फोडाच. पुढची भिंग सगळं ऊन गोळा करून नेमकं त्या काचेवर आणून सोडते. काच तापते आणि तडकते, आणि त्या क्षणी मुलाचा डोळा तिच्या मागे असतो. गाळणी, म्हणजे सूर्यासाठीचा फिल्टर, लावायची ती नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारी आणि टेपनं पक्की केलेली, साताऱ्याच्या वाऱ्यात उडणार नाही अशी.

नाहीतर माझी पद्धत. आयपीसच्या मागे फूटभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरायचा आणि सूर्याचं चित्र त्यावर पाडायचं. मी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ वापरतो, गुळगुळीत असते. त्या चित्राभोवती चार जण उभे राहून पाहू शकतात. आयपीस मात्र प्लॅस्टिकचा नको, तो वितळतो. नळीवरच्या छोट्या दर्शक दुर्बिणीला टोपण लावायला विसरू नका. मी एकदा विसरलो. वास कुठून येतोय म्हणून इकडेतिकडे पाहत होतो आणि शर्टाच्या खिशाला भोक पडत होतं. डोकं तिथे असतं तर? तेव्हापासून ते टोपण मी चिकटवूनच टाकलंय. नेम दुर्बिणीच्या सावलीवरून धरतो. सावली सगळ्यात लहान झाली की सूर्य नळीत आला.

डाग मोजायचे कसे? आणि आकाशात आदित्य-एल१ असताना आपण मोजून उपयोग काय? (फलटण)

आधी समूह मोजायचे, मग सगळे सुटे डाग. समूहांना दहानं गुणायचं आणि त्यात डाग मिळवायचे. दोन समूह आणि मिळून आठ डाग असतील तर २८. स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फनं एकोणिसाव्या शतकात हा हिशेब घालून दिला. त्यामुळे सूर्यावर एकुलता एक डाग असला तरी अंक ११ येतो, नवख्या माणसाला ही चूकच वाटते. तुमचा अंक माझ्याशी जुळणार नाही, आणि जुळवायचा प्रयत्नही करू नका. ब्रसेल्सला जगभरातले अंक एकत्र करतात तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्याचा आणि दुर्बिणीचा गुणक धरतात. अट एकच, दुर्बीण आणि पद्धत बदलायची नाही. मोजदाद करणाऱ्यांत आजही हौशी लोक खूप आहेत, कारण शेकडो वर्षांची ही मालिका छोट्या दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहूनच उभी राहिली आहे आणि तिची पट्टी मध्येच बदलून चालत नाही.

वेळ सकाळची धरा. जरंडेश्वराच्या डोंगरावरून सूर्य वर आला की साडेसात ते नऊ. त्यानंतर शेजारचे पत्रे तापतात आणि सूर्याची कड उकळत्या दुधाच्या सायीसारखी हलायला लागते.

सूर्य पाहणाऱ्या आपल्या आदित्य यानाचं म्हणाल तर त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत घडली आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण शेजाऱ्याकडे टीव्ही आला म्हणून मी कधी रेडिओ ऐकायचा सोडला नाही.

तीन वर्षं डागांची चित्रं काढतोय, एकही सौरज्वाला दिसली नाही. माझं काय चुकतंय? (कऱ्हाड)

काही चुकत नाही. ज्वाला म्हणजे सूर्यावर अचानक उडणारा भडका, आणि साध्या पांढऱ्या उजेडात तो दिसणं हा नशिबाचा भाग आहे. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन तुमच्यासारखाच पडद्यावर डागांचं चित्र काढत होता. अचानक समूहात दोन ठिकाणी लख्ख उजेड झाला. साक्षीदार आणायला तो धावला आणि मिनिटभरात परतला, तोवर उजेड बराच मावळला होता. हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानंही तेच पाहिलं होतं, म्हणून निभावलं. हायड्रोजनच्या लाल रेषेत, ६५६.३ नॅनोमीटरवर, ज्वाला छान दिसतात, पण त्या खास दुर्बिणीची किंमत ऐकून मी खाली बसलो.

मग मी मेकॅनिकच्या वाटेनं गेलो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. तिथून पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर संदेश जातात. संदेश काय असतो ते आपल्याला कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. आपल्याला फक्त त्याचा जोर मोजायचा. इथून अंतर अकराशे किलोमीटरच्या घरात. या लहरी जमीन आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग, यांच्यामधल्या पोकळीतून येतात. दिवसा आयनांबराचा सगळ्यात खालचा, साठ-सत्तर किलोमीटरवरचा डी थर त्यांचं छत असतो. सूर्यावर भडका उडाला की क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, डी थर घट्ट होतो, छत खाली येतं आणि सिग्नल बदलतो. माझ्याकडे बहुतेक वेळा वर उसळतो. चढ झटक्यात, उतार सावकाश. कागदावर तो माशाच्या पाठीवरच्या पंखासारखा दिसतो.

साहित्य फार नाही. मीटरभर बाजूची चौकट, तिच्यावर वाइंडिंग वायरचे पन्नासेक वेढे, सिग्नल वाढवणारा एक छोटा प्रीअँप आणि जुना लॅपटॉप. साउंड कार्ड सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारं असेल तर २४ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे १८.२ आरामात. चौकटीची कड दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला वळवून. खरा त्रास घरातूनच येतो: एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी. माझ्या आलेखात रोज सकाळी एक दाट पट्टा यायचा. आठवडाभर त्याचा मागोवा घेतला, तो शेजारच्या मिक्सरवर जाऊन थांबला.

आता १० मे २०२४ चा दिवस सांगतो. तो आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस. साताऱ्याचे अक्षांश आणि त्या दिवशीची सूर्याची क्रांती (म्हणजे विषुववृत्तापासून सूर्य किती अंश उत्तरेला आहे ते) जवळजवळ बरोबर जुळतात आणि साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो. गल्लीतली दहा-बारा पोरं गच्चीवर, मध्ये पाण्याची बाटली, खडूचं वर्तुळ. दुर्बीण मी लावलीच नव्हती, कारण सूर्य डोक्यावर असला की नळी सरळ उभी राहते आणि पुठ्ठा तिवईच्या पायात अडकतो. सगळे खाली माना घालून सावली पाहत होतो. ती बाटलीच्या बुडाखाली गेली, पोरांनी आरडाओरडा केला आणि मंडळी सरबताला खाली उतरली. खोलीत लॅपटॉप चालू होता. रेघ भलत्याच उंचीवरून उतरत होती. सगळ्यात लहान पोरगी म्हणाली, "आजोबा, हे बिघडलंय."

मलाही आधी तसंच वाटलं, चाळीस वर्षांची सवय. प्लग हलवून पाहिला. मग वेळ पाहिली. नंतर उपग्रहाच्या नोंदीशी ताडून पाहिलं: एक्स ३.९ वर्गाची ज्वाला (एक्स हा सगळ्यात वरचा वर्ग), शिखर आपल्या वेळेनं १२ वाजून २४ मिनिटांनी. तुमच्या-माझ्या डोक्यावर नेमक्या उभ्या असलेल्या सूर्यावर भडका उडाला आणि आम्ही बारा जण जमिनीकडे पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ६:५३ ला त्याच क्षेत्रानं एक्स ५.८ दिला, तेव्हा मी चहा सोडून लॅपटॉपसमोर बसलो होतो. पृथ्वीच्या बाजूनं दिसलेला त्याचा सगळ्यात मोठा भडका, एक्स ८.७, उडाला १४ मे ला रात्री १०:२१ ला. आमच्याकडे रात्र, रेघ आपली ढिम्म. सूर्य आकाशात नसेल तर या यंत्राला काही कळत नाही.

वर्गांचं म्हणाल तर ए, बी, सी, एम, एक्स, आणि दर पायरीला क्ष-किरणांचा जोर दहापट. माझ्या चौकटीत एम वर्ग बहुतेक वेळा सापडतो, सी वर्गातले फक्त दांडगे. आणखी एक, केंद्र मधूनच बंद असतं. तेव्हा रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. त्याला सौरघटना समजून कुणाला फोन करू नका. मी केला होता.

त्याच १० मे ला आमच्या गावात दिवसभर मोबाइलला रेंज नव्हती. ज्वालेमुळेच ना? (दहिवडी)

नाही हो. टॉवरची बॅटरी किंवा केबल पाहायला हवी होती. ज्वालेनं बिघडतो तो लघुलहरींचा रेडिओ, तोही दिवसाच्या बाजूला. मोबाइलच्या लहरी टॉवरवरून सरळ येतात, त्यांना आयनांबर लागत नाही. त्या रात्रीचं भूचुंबकीय वादळ मात्र खरं होतं, सूर्यानं फेकलेल्या वायूच्या लोंढ्यांमुळे आलेलं. लडाखमध्ये हान्लेला आकाशात लाल झाक टिपली गेली. अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले. साताऱ्यातून काहीही दिसलं नाही. फोटो दाखवणारे दाखवोत.

समूह पाहून उद्या ज्वाला येईल हे सांगता येतं का? (सातारा, महाविद्यालयीन विद्यार्थी)

शक्यता सांगता येते. डागांचे चुंबकीय उत्तर आणि दक्षिण ध्रुव नीट वेगळे असतील तर क्षेत्र सहसा शांत. दोन विरुद्ध ध्रुवांचे गाभे एकाच फिकट कडेच्या आत दाटीवाटीनं आले की त्याला डेल्टा म्हणतात, तिथे लक्ष ठेवायचं. १३६६४ तसंच होतं. ध्रुव आपल्या दुर्बिणीत दिसत नाहीत, पण समूह रोज वाढतोय, तुटतोय, गिचमीड होतोय हे चित्रात कळतं. म्हणून फोटोपेक्षा हातानं काढा, हात सगळे डाग एकेक करून पाहतो.

सूर्याची फेरी आपल्याला साधारण २७ दिवसांची दिसते, तेव्हा कडेआड गेलेलं क्षेत्र टिकलं तर पुन्हा येतं, नव्या क्रमांकानं. १३६६४ परत आलं ते १३६९७ होऊन, आणि पुरतं कडेवर यायच्या आधीच, २७ मे ला, त्यानं एक्स वर्गाचा भडका दिला. आणि डाग सगळ्यात जास्त असण्याचा कमाल काळ सरला म्हणून वही बंद करू नका. सप्टेंबर २०१७ मधला एक्स ९.३ डागांच्या चढउताराचं साधारण अकरा वर्षांचं सूर्यचक्र जवळपास संपत आलेलं असताना आला होता.

आमच्याकडे जूनपासून चार महिने सूर्यच दिसत नाही. तेव्हा काय करायचं? (महाबळेश्वर)

चौकट लावा. लहरींना ढग अडत नाहीत. माझ्या वहीत जुलै-ऑगस्टच्या पानांवर डागांच्या जागी 'ढग, ढग, ढग' असं लिहिलेलं आहे आणि शेजारी आलेख मात्र पूर्ण. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांनी रेघेवर काटे उगवतात, तेवढे सोडून द्यायचे. फक्त चौकट लाकडाची करू नका. माझी पहिली सागवानी होती. पावसात ती फुगली, उन्हाळ्यात आखडली आणि वेढे कपड्यांच्या दोरीसारखे लोंबायला लागले. आता पीव्हीसी पाइपची आहे, आणि ती पंख्याच्या रेग्युलेटरपासून दहा फूट लांब टांगली आहे. तुमच्याकडच्या ओलीत प्रीअँपच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका, नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती.