रिपोर्ट एकीचा, प्रश्न घरभराचे

प्रश्न : माझी पत्नी ३४ वर्षांची आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी तिची किमो सुरू आहे. जनुक तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. मुलीची तपासणी आत्ताच करून घ्यावी का? सासूबाई म्हणतात, 'आमच्याकडे कुणालाच नव्हतं, मग हे आलं कुठून?' मुलांना आम्ही 'आईला ताप आहे' एवढंच सांगितलंय.
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीची तपासणी आत्ता करू नका. या दोषामुळे लहानपणी स्तनाचा कॅन्सर होत नाही आणि रिपोर्ट काहीही आला तरी पंचविशीपर्यंत तिच्यासाठी वेगळं काही करायचं नसतं. १८ पूर्ण झाल्यावर तिने स्वतः समजून-उमजून ठरवावं. मुलालाही यातून वगळू नका. दोष येण्याची शक्यता दोघांना सारखीच, प्रत्येकी ५० टक्के. एकाला आला म्हणून दुसरा सुटत नाही, की अडकतही नाही.

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, पण शोध सासऱ्यांच्या बाजूलाही घ्या. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. पुरुषांमध्ये तो बहुतेक वेळा गप्प राहतो, म्हणून घराण्यात कुणाच्या लक्षात येत नाही. सासऱ्यांच्या बहिणी, आत्या कशाने गेल्या ते विचारा. जुन्या माणसांच्या तोंडी 'कॅन्सर' शब्द येईलच असं नाही, 'पोटात पाणी होऊन गेली' असं येईल. तो अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो. बीआरसीए-१ चा दुसरा मोठा धोका तिथेच असतो. नातं आणि वय कागदावर मांडून जनुकीय समुपदेशकाकडे, म्हणजे घराण्यातल्या अशा दोषांचा अर्थ समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

तपासणीची घाई आहे ती मोठ्यांची : पत्नीचे आईवडील आणि सख्खी भावंडं. त्यांना रिपोर्टची सगळी पानं द्या. जनुकाचं नाव आणि बदलाचा नेमका क्रमांक असलेली ओळ त्यात हवीच. मग प्रयोगशाळा तेवढीच जागा तपासते. खर्च कमी होतो आणि 'दोष नाही' या उत्तरावर विसंबता येतं. ती ओळ न देता बहिणीने परस्पर मोठी तपासणी केली, तर अर्थ न लागणारा एखादा भलताच बदल निघू शकतो आणि घर उगीच हवालदिल होतं.

मुलांशी मात्र आजच बोला, आणि 'ताप' हा शब्द सोडा. उद्या मुलाला साधा ताप आला तरी त्याला आईची सलाईन आठवेल. असं सांगा : 'आईला कॅन्सर नावाचा आजार झालाय. औषध जोराचं आहे, त्याने केस जातील, मग पुन्हा येतील. आईजवळ बसल्याने तो तुला होणार नाही, आणि तू हट्ट केलास म्हणून तिला झालेला नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. सात वर्षांची मुलं नेमकं हेच मनात धरून बसतात. केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात, त्याआधीच सांगितलेलं बरं. लाल रंगाचं औषध दिलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. मुलीने पाहिलं तर तिला ते रक्त वाटेल.

खरा ताप आला तर वाट पाहू नका. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. थर्मामीटरवर १००.४ दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा. आधी पॅरासिटामॉल देऊन 'उतरतो का बघू' म्हटलं की ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग तसाच वाढत राहतो.

प्रश्न : बहिणीच्या आजारपणानंतर माझी बीआरसीए-१ ची तपासणी झाली. वय २९, दोष आहे. आता काय? लग्नाचं बघणं चालू आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोष असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे. पण बीआरसीए-१ मध्ये आयुष्यभराचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका ६० टक्क्यांच्या वर जातो, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. आत्ता दरवर्षी स्तनांचा एमआरआय, पाळीच्या ७ ते १५ व्या दिवसांत. इतर दिवसांत चित्र धूसर येतं आणि नसती शंका निघते. तिशीपासून सोबत मॅमोग्राफीही. नुसती मॅमोग्राफी पुरत नाही, कारण तरुण वयात स्तन घट्ट असतात आणि गाठ त्यात लपते.

अंडाशयासाठी अशी भरवशाची तपासणी नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. मुलं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि बीजनलिका काढण्याचा सल्ला देतात तो यासाठीच. त्याने पाळी लगेच जाते. हाडांचं आणि हार्मोनचं बोलणं शस्त्रक्रियेआधी करून घ्या. स्तन आधीच काढण्याचाही पर्याय आहे, धोका त्याने खूपच घटतो. पण त्याला ठरलेलं वय नसतं, घाबरलेल्या आठवड्यात तो निर्णय घेऊ नये.

लग्नाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. बायोडेटात लिहायची ही गोष्ट नाही. माणूस पसंत पडला की साखरपुड्याआधी त्याला स्वतः सांगा, आणि दोघं मिळून एकदा समुपदेशकाकडे जा. मूल कधी, आणि टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ रुजवण्याआधीच त्यात दोष आहे का ते तपासून घ्यायचं का, हे प्रश्न तिथे त्याच्यासमोरच विचारता येतात.