यार्डात उरलेल्या महागड्या इलेक्ट्रिक गाडीचे किती पैसे द्यावेत?

तुमचा प्रश्न असा की पुण्यातल्या एका डीलरकडे जून २०२४ मध्ये बनलेली नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी दीड वर्ष विकली न जाता उभी आहे. एक्स-शोरूम ८० लाख, डीलर ६ लाख सोडतोय, तर घ्यावी का? जरूर घ्या, पण ७४ लाखांत अजिबात नाही.

मी अशीच गाडी घेतली आहे. पहिले दोन आठवडे मी "सूट किती वाढवता?" एवढंच विचारत बसलो आणि दर खेपेला पन्नास हजारांवर बोलणं अडायचं. तुम्ही सूट हा शब्दच काढू नका. दीड वर्षं जुन्या गाडीची आज किंमत काय, तिथून सुरुवात करा. त्यासाठी विम्याचा घसारा-तक्ता, म्हणजे वयानुसार गाडीची किंमत किती घटली धरायची तो तक्ता, हाताशी ठेवा : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५, एक ते दोन वर्षं २०. ८० लाखांचे २० टक्के म्हणजे १६ लाख, म्हणून तुमचा पहिला आकडा ६४. डीलर म्हणेल, हा हिशोब वापरलेल्या गाडीचा, ही तर चाललेलीच नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून ६६-६७ पर्यंत चढायला हरकत नाही. त्यापुढे मी जाणार नाही, कारण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, उत्पादनाचं वर्ष २०२४ च येणार आणि उद्या तुम्ही विकायला काढलीत की गिऱ्हाईक पहिलं तेच बघणार. इलेक्ट्रिक गाड्यांत नवं मॉडेल जास्त रेंज घेऊन आलं की जुन्याचा भाव आणखी पडतो.

घासाघीस करायची ती यार्डात, शोरूमच्या सोफ्यावर नाही. मी मोबाइलचा टॉर्च मारून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. '१२२४' असेल तर टायर २०२४ च्या बाराव्या आठवड्यातला. रिमोटने दार उघडेना, शेवटी सेल्समनने आतली लोखंडी किल्ली काढली. दारं-दिवे चालवणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बसली होती. ती नवी घालून द्या, असं तिथल्या तिथे लिहून घेतलं. गाडी पळवणाऱ्या मोठ्या बॅटरीचं खरं बघायचं ते तिचं आरोग्य : महिनोन् महिने पूर्ण भरून किंवा पार रिकामी ठेवली असेल तर ती झिजते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी मशीनला लावून तपासणीचा रिपोर्ट मागा. डीलर नाही म्हणाला तर उठून या. बॅटरीची वॉरंटी अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. ती तुमच्या नोंदणीपासून सुरू होणार ना, हे डीलरकडून नव्हे, कंपनीकडून ईमेलवर घ्या. गाडी डेमोसाठी डीलरच्या नावावर नोंदवलेली असेल तर तुम्ही दुसरे मालक ठरता, मग ६४ सुद्धा जास्त.

डीलरनं ही गाडी बहुतेक कर्जाऊ पैशांवर उचललेली असते आणि व्याज रोज चढतं. मार्चअखेरीला त्याला स्टॉक हलका करायचा असतो, म्हणून तेव्हा जा.

कमी केलेली रक्कम मूळ बिलातच हवी. मग ५ टक्के जीएसटी आणि १ टक्का टीसीएस (डीलर तुमच्याकडून घेऊन तुमच्या नावावर भरतो तो आयकर) त्या कमी किमतीवरच लागतात. टीसीएस आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, तो खर्च धरू नका. हँडलिंग चार्ज खोडायला लावा. विमा बाहेरून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. मी बाहेरून घेतला, स्वस्त पडला.

आणि टोकनच्या पावतीवर चॅसिस नंबर लिहून घ्या. डिलिव्हरीच्या दिवशी माझ्यासमोर धुऊन-पुसून, हार घालून उभी केलेली गाडी रंगानं तीच होती, पण मी ठरवलेल्या गाडीपेक्षा चार महिने जुनी. मी पावती पुढे केली. तासाभरानं माझी गाडी यार्डातून बाहेर आली, हार काढून तिच्यावर घातला.