‘अजून एक ड्रॉप घेऊ का?’

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पुढचे दोन महिने एकच प्रश्न असतो. मूल मान खाली घालून बसलेलं असतं आणि शेजारून आई किंवा वडील विचारतात, “मॅडम, अजून एक ड्रॉप घ्यावा का?” ड्रॉप म्हणजे कुठेही प्रवेश न घेता पुन्हा वर्षभर नीटची तयारी. 2025 च्या जून-जुलैत हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की त्यातल्या एका मुलीबद्दल लिहायचं ठरवलं. तिला विचारूनच लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

गाव बार्शी तालुक्यातलं. वडिलांचं कृषी सेवा केंद्र. बारावीनंतर मुलगी दोन वर्षं लातूरला हॉस्टेलवर राहून तयारी करत होती. पहिल्या भेटीत वडीलच बोलले. “पोरगी हुशार आहे. थोडक्यात हुकतंय. वर्ष गेलं तरी चालेल, पण डॉक्टरच करायचंय.”

त्या ‘थोडक्यात’पासून मी सुरुवात केली. दोन्ही वर्षांची गुणपत्रकं मागवली. 2024 ला 412, 2025 ला 341. “मी खालीच चाललेय,” ती म्हणाली. मी गुण झाकले आणि देशातला क्रमांक वाचायला सांगितला. दोन्ही वर्षी तो जवळपास सारखाच होता. 2025 चा पेपर, त्यातही फिजिक्स, इतकं अवघड होतं की पहिल्या आलेल्याला 720 पैकी 686 मिळाले. आदल्या वर्षी तिथे पैकीच्या पैकी गुण होते. दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून मुलं उगाच खचतात किंवा उगाच हुरळतात. तुलना करायची ती क्रमांकाची.

तिचा चेहरा जरा उजळला. मग मी विचारलं, “म्हणजे या वर्षभरात रांगेतली जागा किती हलली?”

“हलली नाही.”

“पण मॅडम, ती क्वालिफाय आहे,” वडील म्हणाले. हा शब्द मला घरोघरच्या पालकांकडून ऐकावा लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. 2025 ला खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा 144 गुणांवर होती. 22 लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली, 12 लाखांहून जास्त पात्र ठरली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या सरकारी-खाजगी जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. घराघरांत मात्र त्याचा अर्थ ‘प्रवेश जवळ आलाय’ असा घेतला जातो आणि त्या समजावर वर्षं खर्ची पडतात.

आकडे समजले, मान्यही झाले. तरी पुढच्या भेटीला ती आली ती तेच वाक्य घेऊन: “मॅडम, ड्रॉप घ्यायलाच हवा.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी घडण झाली. माणूस परिस्थितीपेक्षा त्या परिस्थितीला चिकटवलेल्या हट्टानं जास्त मोडतो, असं ते मांडत आले. मराठीत हा हट्ट ओळखणं फार सोपं आहे असं मला वर्षानुवर्षांच्या सरावातून दिसलंय. तो एका अक्षरात बसतो. ‘डॉक्टर व्हायला हवं’ ही इच्छा. ‘डॉक्टर व्हायलाच हवं’ यात श्वास घ्यायला जागा नाही. त्या ‘च’ची मी वाट बघत असते.

मी तिचं वाक्य कागदावर लिहिलं, ‘च’ खोडला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. “आता सांग. ड्रॉप नाही घेतला, तर?”

“तर मी नापास झाले असं ठरेल.”

“आणि घेतला, तर?”

ती बराच वेळ त्या खोडलेल्या अक्षराकडे बघत राहिली. मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. अशा वेळी समुपदेशकानं हलायचं नसतं.

“तर... अजून ठरलेलं नसेल.”

मग ती रडली, आणि रडतच सगळं बाहेर आलं. दोन दिवाळ्या ती घरी गेली नव्हती. अभ्यास हे कारण सांगायची. खरं कारण मावशी होती, आणि मावशीचा प्रश्न, ‘सध्या काय करतेस?’ “तयारी चालू आहे म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही मॅडम.”

त्या क्षणी मला माझी चूक दिसली. दोन भेटी मी हिला किती गुण पडू शकतील याचा हिशेब मांडत बसले होते. तिला ड्रॉप गुणांसाठी हवाच नव्हता. निकालापासून लपायला ती एक खोली होती, भाडं वर्षाला एक वर्ष. तेव्हापासून ड्रॉपसाठी आलेल्या प्रत्येक मुलाला मी आधी हेच विचारते: या वर्षात तू काय शिकशील, आणि या वर्षामुळे काय टळेल? दुसरं उत्तर लांबलचक असलं तर घाईनं फी भरू नका.

वडिलांना वेगळं बोलावलं. मुलीचं वाक्य तिच्या परवानगीनं त्यांना सांगितलं. ते खिशातल्या पेनाशी चाळा करत म्हणाले, “दुकानात गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मी पण हेच सांगतो. तयारी चालू आहे.”

‘च’ गेल्यावर वाटा दिसायला लागल्या, तोवर त्या तिच्या नजरेतच नव्हत्या. आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपीला आपल्या राज्यात नीटचेच गुण चालतात. बी. फार्म आणि कृषी पदवीच्या प्रवेशासाठी राज्याची एमएचटी-सीईटी असते, ती तिनं दिलीच नव्हती. ‘लक्ष विचलित होईल’ असा सल्ला मिळाला होता. हा सल्ला कृपा करून कुणी ऐकू नका. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुणही कापत नाहीत, फॉर्म भराच.

तिला विचारलं, दोन वर्षांत कोणता धडा न कंटाळता वाचलास? “ह्यूमन हेल्थ अँड डिसीज.” लगेच, विचार न करता. जंतू, लस, प्रतिकारशक्ती यांवर ती वीस मिनिटं बोलली.

तिनं सोलापुरात बीएस्सी मायक्रोबायोलॉजी निवडलं. दोन वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं, त्याचीच तिला लाज वाटत होती. प्रत्यक्षात तो एक कागद निघाला. मी तिला पुढचा रस्ताही दाखवून ठेवला. पदवीच्या शेवटच्या वर्षातच जॅम ही एमएस्सी प्रवेशाची परीक्षा देता येते. त्यातल्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरवर आयआयटी मुंबईतही एमएस्सीला प्रवेश मिळतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा आहे. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अनेक ठिकाणी एमबीबीएस नसलेले पदवीधरही घेतात. आणि नीटला वयाची वरची अट नाही, किती वेळा द्यायची याचीही नाही. पदवी करता करता पुन्हा द्यावीशी वाटली तर ते दार उघडंच आहे. हे शेवटचं ऐकल्यावर वडिलांचे खांदे खाली आले.

दिवाळीत तिचा फोन आला. घरी गेली होती. मावशीनं तो प्रश्न विचारलाच.

“मी सांगितलं, मायक्रोबायोलॉजी, पहिलं वर्ष.”

“मग?”

“मावशी ‘बरं’ म्हणाली आणि चकलीचा सोऱ्या माझ्या हातात दिला.”