हुद्दा सारखा, सेवा त्यांची जास्त

सैनिकी जीवनातील अडचणींविषयी आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयावरील तीन पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे आणि पलटणींचे उल्लेख गाळले आहेत.

प्रश्न : मी पायदळातील एका पलटणीत हवालदार असून नुकतीच माझी कंपनी हवालदार मेजर (कंपनीची हजेरी, ड्यूटी आणि शिस्त पाहणारा हवालदार) म्हणून नेमणूक झाली आहे. कंपनीतील एक प्लाटून हवालदार (कंपनीतील एका तुकडीचे हवालदार) मला बरेच ज्येष्ठ आहेत. मी रंगरूट म्हणून सेंटरमध्ये दाखल झालो तेव्हा ते आमचे इन्स्ट्रक्टर होते आणि आजही त्यांच्यासाठी माझ्या तोंडून ‘उस्ताद’ हाच शब्द निघतो. मध्यंतरी ते एनसीसीकडे बाहेर होते, नंतर काही काळ त्यांची मेडिकल कॅटेगरी (आरोग्याची प्रतवारी) खाली होती, त्यामुळे ही नेमणूक त्यांच्या हातून गेली. ते उघडपणे काही बोलत नाहीत. परंतु फॉल-इनला (हजेरीसाठी रांगेत उभे राहताना) त्यांची प्लाटून सर्वांत शेवटी येते, ड्यूटीसाठी माणसे मागितली की ‘बघतो’ एवढेच उत्तर मिळते आणि जवान आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतात. त्यांचे गाव माझ्याच तालुक्यातले आहे आणि आमच्यात लांबची सोयरीकही आहे. मी त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे?

उत्तर : हवालदार हा हुद्दा आहे आणि कंपनी हवालदार मेजर ही नेमणूक आहे, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच, परंतु तिचा अर्थ मनात पुरता उतरलेला नसावा, असे तुमच्या पत्रावरून वाटते. तुमच्या दोघांच्याही बाहीवर हवालदाराच्याच तीन फिती आहेत. ज्येष्ठतेच्या यादीत ते तुमच्या वर होते, आजही आहेत आणि नायब सुभेदारपदाच्या बढतीचा विचार होईल तेव्हाही त्यांची हवालदारीची तारीख तुमच्या आधीचीच असेल. तुमच्या नेमणुकीने त्यांची ज्येष्ठता एका दिवसानेही कमी झालेली नाही. तुम्ही जे काम सांगता ते कंपनी कमांडरच्या वतीने सांगता, स्वतःच्या मोठेपणातून नव्हे. आणि त्यामुळेच ते सांगताना अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही.

सेनादलांत हा प्रसंग अगदी वरपर्यंत येतो. तिन्ही दलांचे प्रमुख हुद्द्याने समान असतात, तरीही त्यांच्या समितीचे अध्यक्षपद कोणा एकाकडे द्यावेच लागते. ते पूर्वी तिघांतील सेवाज्येष्ठ प्रमुखाकडे जात असे. १ जानेवारी २०२० पासून संरक्षण दलप्रमुख हे पद अस्तित्वात आले आणि अध्यक्षपद त्या नेमणुकीशी जोडले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये जनरल बिपिन रावत यांचे अपघाती निधन झाल्यावर ते पद रिकामे राहिले, तेव्हा तिघांत ज्येष्ठ असलेले जनरल मनोज नरवणे यांच्याकडे समितीचे अध्यक्षपद पुन्हा जुन्याच पद्धतीने आले. म्हणजे समान हुद्द्याच्या माणसांत पुढे कोणी व्हायचे, हे ठरवण्यासाठी ज्येष्ठता आणि नेमणूक अशा दोन्ही पद्धती सेनेने वापरल्या आहेत. जिथे नेमणूक झालेली असते तिथे ज्येष्ठतेचा वाद उरत नाही, हे तुमच्या उस्तादांना तुमच्याइतकेच माहीत आहे. त्यांची अडचण नियमाची नसून मनाची आहे, आणि उपाय त्या दृष्टीने शोधायला हवा.

आधी आपली हद्द ओळखा. फॉल-इन, हजेरी, ड्यूटीची वाटणी, शिस्त आणि कंपनीची दैनंदिन व्यवस्था हे तुमचे क्षेत्र आहे. प्लाटूनच्या आतला कारभार प्लाटून कमांडर साहेबांचा आहे आणि त्यांच्या हाताखाली तो प्लाटून हवालदार पाहतो. कोणत्या सेक्शनमध्ये कोणाला ठेवायचे, सरावात कोणाला पुढे घालायचे, यात नवा हवालदार मेजर उत्साहाच्या भरात नाक खुपसू लागला, तर ज्येष्ठ माणसाला हातातले खरे कारण मिळते आणि मग त्याची नाराजी योग्यच ठरते. तुम्ही चार माणसे मागा. ती चार कोणती, हे त्यांना ठरवू द्या.

आता मुख्य मुद्दा. अशा परिस्थितीत बहुतेक जण जी चूक करतात ती उर्मटपणाची नसते, भिडेची असते. उस्तादांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या प्लाटूनला रात्रीचा पहारा एखादा कमी लावायचा, फटीगसाठी (साफसफाई, ओझी उचलणे अशा अंगमेहनतीच्या कामासाठी) दुसऱ्या प्लाटूनची माणसे उचलायची, त्यांनी ‘बघतो’ म्हटले की स्वतःच जाऊन दुसरीकडून सोय करायची, असे सुरू होते. पंधरा दिवसांत ही गोष्ट साऱ्या बरॅकला कळते, कारण जवान दुसरे काही वाचो न वाचो, ड्यूटीचा तक्ता बारकाईने वाचतो. शनिवार-रविवारचा क्वार्टर गार्ड (पलटणीच्या मुख्य चौकीचा पहारा) सलग दुसऱ्यांदा आपल्याच प्लाटूनच्या वाट्याला आला आहे आणि शेजारची प्लाटून आउटपासवर बाजारात निघाली आहे, हे दिसल्यावर त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आणि ज्यांच्यासाठी तुम्ही ही सवलत दिली, त्या उस्तादांनाही तिच्यात आदर दिसत नाही. आपला विद्यार्थी आपल्याला बिचकतो आहे, एवढेच दिसते. म्हणून मान बोलण्यात द्या, सल्लामसलतीत द्या, जेवणाच्या पंक्तीत द्या. ड्यूटीच्या तक्त्यात मात्र कोणालाही देऊ नका. सर्व प्लाटूनची उपलब्ध माणसे, रजेवरची, कोर्सवरची आणि आजारी माणसे वजा करून, मागील महिन्याच्या नोंदीशी ताडून जो तक्ता बनेल, तो सर्वांना दिसेल असा लावा. त्याला प्रश्न विचारला गेला तर नोंदवही उघडून दाखवता आली पाहिजे.

त्यांच्याशी एकदा स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक आहे आणि ते आतापर्यंत व्हायला हवे होते. रोल कॉलनंतर सर्वांच्या देखत त्यांना बाजूला बोलावू नका. बोलावणे हाच त्यात अपमान आहे. संध्याकाळी तुम्ही त्यांच्याकडे जा. नेमणुकीबद्दल माफी मागू नका, ‘मला नको होती’ असे खोटेही बोलू नका. ‘उस्ताद, ही जबाबदारी कंपनी कमांडर साहेबांनी मला दिली आहे आणि ती मी पार पाडणार आहे. तुमची प्लाटून वेळेवर उभी राहिली तर बाकीच्या आपोआप राहतील, आणि ती राहिली नाही तर मला कोणालाच बोलता येणार नाही. माझे काही चुकले तर मला एकट्याला सांगा, मी ऐकेन. परंतु फॉल-इनवर मला तुमची साथ हवी आहे,’ इतके स्पष्ट बोलायला हरकत नाही. मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. ज्या माणसाने आपल्याला सावधान-विश्राम शिकवले, त्याचे मन अर्धा तास ऐकून घेणे काही जड नाही. त्यात बाहेर काढलेल्या वर्षांचा आणि मेडिकलचा विषय निघेल. तुम्ही त्यावर निकाल देऊ नका, कारण तो देणे तुमच्या हातात नाही.

संबोधनाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. खाजगीत ‘उस्ताद’ म्हणणे सोडू नका. फॉल-इनवर मात्र प्रत्येक प्लाटून हवालदाराला जसे हुद्द्याने आणि नावाने हाक मारता तशीच त्यांनाही मारा. सोयरीक कंपनीच्या दाराबाहेर ठेवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या रेजिमेंटमध्ये एकाच तालुक्यातली, कधी एकाच भावकीतली माणसे एका कंपनीत असतात आणि त्याचे फायदे लढाईच्या वेळी दिसतातही. परंतु बरॅकमधले भांडण रजेवर गावाला पोचते, तिथल्या लग्नकार्यात त्याला फाटे फुटतात आणि नवे होऊन ते परत पलटणीत येते. घरच्या कोणाशीही या विषयावर फोनवर बोलू नका. पत्नीशीसुद्धा बेताचेच बोला, कारण फॅमिली क्वार्टर्समध्ये तुमची आणि उस्तादांची पत्नी रोज भेटत असणार.

त्यांच्या हातचे कौशल्य खरोखर वापरा. अनुभवी इन्स्ट्रक्टर कंपनीत असताना फायरिंगच्या तयारीचे किंवा नव्या जवानांच्या वेपन ट्रेनिंगचे काम दुसऱ्याकडे असेल, तर तसा प्रस्ताव सीनियर जेसीओ (कंपनीतील ज्येष्ठ सुभेदार) साहेबांपुढे तुम्हीच मांडा आणि काम मिळाल्यावर त्यात ढवळाढवळ करू नका. नुसता ‘सल्लागार’ असा पोकळ मान देऊ नका. जुना माणूस तो लगेच ओळखतो.

हे सारे करूनही ‘बघतो’ चालूच राहिले तर? पहिल्या वेळी जागच्या जागी, आवाज न चढवता, काम पुन्हा वेळेसह सांगा : ‘चार माणसे, साडेपाचला, क्वार्टर गार्डसमोर.’ जवानांसमोर वाद घालू नका आणि उत्तराची वाटही पाहू नका. माणसे आली नाहीत तर त्यांच्या प्लाटून कमांडर साहेबांना कळवा, कारण त्या प्लाटूनचे उत्तरदायित्व त्यांचे आहे. त्यानंतरही सुधारणा नसेल तर सीनियर जेसीओ साहेबांकडे जा. तिथे ‘ते माझे ऐकत नाहीत’ असे सांगू नका. अमुक तारखेला, अमुक कामासाठी, इतकी माणसे मागितली आणि इतकी आली, एवढेच सांगा. आर्मी ॲक्टच्या कलम ४१ मध्ये वरिष्ठाच्या आज्ञाभंगाची आणि कलम ६३ मध्ये शिस्तभंगाची तरतूद आहे, हे खरे. परंतु दोन हवालदारांतील रुसव्याला तिथपर्यंत नेणे म्हणजे कंपनीची अब्रू वेशीवर टांगणे आहे, आणि त्याचा डाग त्यांच्याइतकाच तुमच्या नोंदीवरही बसतो.

प्रश्न : माझी हवालदारीची ज्येष्ठता जास्त असूनही मला कनिष्ठ असलेल्या हवालदाराला कंपनी हवालदार मेजर केले. आता त्याच्या आवाजावर मी सावधान व्हायचे का? सेवेची काहीच वर्षे उरली आहेत. लवकर निवृत्ती मागावी असे वाटते.

उत्तर : योगायोगाने तुमचे पत्र वरच्या पत्राच्याच आठवड्यात आले. सावधान तुम्ही त्याच्या आवाजावर होत नाही, कंपनीच्या फॉल-इनवर होता. तो उद्या बदलून गेला आणि तिथे दुसरा आला तरी ते तसेच राहील.

ज्येष्ठता डावलली जाण्याचे दुःख मोठमोठ्यांना झाले आहे. १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ असताना जनरल अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले, तेव्हा सिन्हा यांनी सेवा सोडली. पुढे ते आसामचे आणि जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले. २०१६ च्या अखेरीस जनरल रावत यांची लष्करप्रमुखपदी निवड झाली, तेव्हा पूर्व कमांडचे लेफ्टनंट जनरल प्रवीण बक्षी आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे लेफ्टनंट जनरल पी. एम. हारिज हे दोघे त्यांना ज्येष्ठ होते, आणि दोघांनीही आपापली कमांड सांभाळत सेवा पूर्ण केली. तिथे निवड झालेल्याचा हुद्दाही वाढतो. तुमच्या बाबतीत फिती सारख्याच राहतात, म्हणून ते रोज डोळ्यांत खुपते, हे मी समजू शकतो. तरी जाणे आणि राहून मनापासून काम करणे, हे दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत, असे माझे मत आहे. राहायचे आणि आपल्या प्लाटूनला रोज पाच मिनिटे उशिरा उभे करायचे, हा तिसरा मार्ग मात्र नाही. त्याची किंमत तुमचे जवान मोजतात, ज्यांचा या नेमणुकीशी काही संबंध नव्हता.

निवृत्तीचा अर्ज रागात करू नका. हवालदाराची सेवा साधारणपणे २४ वर्षांची असते आणि पात्र ठरल्यास तिला दोन वर्षांची वाढ मिळते. त्या हिशेबात पेन्शन, मुलांचे शिक्षण आणि नायब सुभेदारीची शक्यता या तिन्ही गोष्टी मांडून पाहा. तुमची मेडिकल कॅटेगरी, वार्षिक अहवाल आणि कॅडर (बढतीसाठीचा अभ्यासक्रम) ठीक असतील तर ती शक्यता अजून संपलेली नाही. नेमणूक का मिळाली नाही, हे कंपनी कमांडरना इंटरव्ह्यू मागून विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. विचारा; आणि कारण सुधारण्यासारखे असेल तर ते लिहून घ्या.

प्रश्न : मी कंपनी कमांडर असून मला एका कनिष्ठ हवालदाराला ज्येष्ठांवर हवालदार मेजर नेमायचे आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : ज्येष्ठांना डावलण्याइतके कारण तुमच्याकडे आहे का, हे आधी सुभेदार मेजर साहेबांशी बोलून पडताळा, केवळ इंग्रजी बरे आहे किंवा संगणक येतो, एवढ्यावर हे करू नका. निर्णय पक्का झाल्यावर ज्याला डावलता आहात त्याला आदेश निघण्यापूर्वी स्वतः बोलावून कारण सांगा. ही बातमी त्याला क्लार्ककडून किंवा लंगरात (जवानांच्या स्वयंपाकघरात) कळता कामा नये. नेमणूक फॉल-इनवर तुम्ही स्वतः जाहीर करा, नव्या माणसाला ती स्वतःच्या तोंडाने सांगायला लावू नका. दोघांत गुरुशिष्याचे किंवा भावकीचे नाते असेल आणि ॲडज्युटंट (पलटणीचे प्रशासन पाहणारे अधिकारी) तयार असतील, तर ज्येष्ठ हवालदाराला त्याच्या संमतीने दुसऱ्या कंपनीत जबाबदारीचे काम मिळवून द्या. मात्र ही बदली नेमणुकीच्या आधी व्हावी, नंतर झाली तर सारी पलटण तिला शिक्षा समजेल.